गॅरेजमधलं रिकामं कपाट

आबा, तुमच्या नातवाने गॅरेजच्या भिंतीला एक लोखंडी कपाट ठोकून घेतलं आहे. माझ्या खांद्याएवढं उंच, अंगाने किडकिडीत, राखाडी रंगाचं. मागून चार जाड बोल्ट थेट भिंतीत घातलेत, म्हणजे कुणी कपाटच उचलून नेऊ नये. आत वरच्या बाजूला एक छोटा कप्पा, त्याला वेगळं कुलूप. यात काय ठेवणार, असं विचारलं तर म्हणाला, "सध्या काहीच नाही आई. इथे आधी कपाट लागतं, मग लायसन, मग बंदूक." जसं काही पाळणा आणून ठेवलाय आणि आता बाळ यायचंय. कांदे-बटाट्याची टोपली त्याच कपाटाशेजारी असते, त्यामुळे माझा तिथे दिवसातून दोनदा तरी फेरा होतो. जाता-येता मी बोटाच्या पेराने कपाटावर टिचकी मारते. ठण्ण आवाज येतो. रिकामं आहे. पण मला भरवसा नाही. आपलाच पोरगा, आपल्याच हाताने वाढवलेला, आणि मी त्याच्या कपाटाला टिचक्या मारत फिरते. म्हातारपणी ही काय पाळी आली म्हणायची!

तुम्हाला लिहायचं कारण एवढंच, की आपल्या सगळ्या गोतावळ्यात बंदूक हातात धरून पोट भरलेले तुम्ही एकटेच. तालुक्याच्या बँकेच्या दारात तेवीस वर्षं उभे होतात, खांद्याला बारा बोअरची दुनळी आणि कमरेला काडतुसांचा पट्टा. गावातली टारगट पोरं म्हणायची, पट्ट्यातली काडतुसं लाकडाची आहेत, बँकेने खरी दिलीच नाहीत. मला तेव्हा राग यायचा, पण आज खरं सांगते, मनात पाल चुकचुकायचीच. कधी विचारायचा धीर झाला नाही. तुम्हाला सहीपुरतंच लिहिता यायचं, आणि मला चौथीनंतर शाळेतून काढली तरी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून मी जे शिकले ते शिकले. त्यामुळे तुमची सरकारी पत्रं, लायसनचे कागद, सगळं मीच वाचून दाखवायचे. हे पत्रही मलाच वाचून दाखवावं लागणार, आणि तुम्ही गेल्यावर ते आता कुठे जमायचं. तरी लिहिते.

तुमची ती रोजची रीत आठवते. कामावरून आलात की चपला काढायच्या आधी बंदूक बिजागरीत मोडून उघडायचात, नळ्या कंदिलाकडे धरायचात आणि आधी स्वतः बघून मग मला हाक मारायचात. "बघ पोरी. काय दिसतंय?" मी एक डोळा मिटून बघायची. "उजेड." "दोन्हीत?" "दोन्हीत." मग तुमच्या कमरेचा पट्टा सुटायचा आणि आई पाण्याचा तांब्या पुढे करायची. एकदा मी वैतागून म्हटलं होतं, रोज रिकामीच असते, मग रोज कशाला बघायचं? तुम्ही म्हणालात, "माझ्यावर माझा विश्वास नाही म्हणून." एवढ्या वर्षांत हे वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. बापाचा स्वतःवर विश्वास नाही, हे काय सांगायचं लोकांना? आता वाटतं, तेवढं एकच वाक्य तुमच्या नातवाने ऐकलेलं असतं तर.

तो वाईट नाही हो. घाबरलाय. विशीत इकडे परदेशात, क्लेटनला शिकायला आला, पेट्रोल पंपावर शिफ्ट केल्या, मग नोकरी, मग लग्न, मग हे वेरिबीचं घर. तुमचे जावई वारल्यावर मला इकडे घेऊन आला; त्यालाही सहा वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी उठलो तर दारातली गाडी नव्हती. मागच्या सरकत्या दाराची कडी उचकटून कुणीतरी आत आलं होतं, ओट्यावरची किल्ली घेऊन गाडी घेऊन गेलं होतं. गाडी इन्शुरन्सने भरून दिली, त्याचं काही नाही. पण नातीचं दप्तर खुर्चीवरून खाली आलं होतं, डबा उघडा होता, आणि आदल्या दिवशीच्या दोन बेसनलाडवांपैकी एकच उरला होता. पोलिसांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. पण तुमचा नातू त्या डब्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तो इथे उभा राहून खात होता, आई. आम्ही झोपलोय, आणि तो आरामात उभा राहून खातोय." त्या दिवसापासून त्याची झोप उडाली ती उडालीच.

मग घरात संशयाची वाळवी लागली. दाराला कॅमेरा, गॅरेजला कॅमेरा, मागच्या कुंपणाला कॅमेरा. पार्सल देणारा दोन क्षण जास्त थांबला की फोनवर त्याचा फोटो. गवत कापणारा नवा आला की "हा कोण?" गल्लीतल्या आपल्या लोकांचा फोनवरचा ग्रुप तर विचारूच नका, एकजण लिहितो पांढरी गाडी हळू चालली होती, दुसरा लिहितो काल पण होती, आणि तिसरा सांगतो, अरे ती माझीच आहे, मी पार्किंग शोधत होतो. मी हसायची. पण खोटं कशाला बोलू, ती वाळवी मलाही लागली. माझा संशय शेजारच्या म्हातारीवर. गोरी बाई, माझ्याच वयाची, एकटी, एक तुटक्या शेपटीचं कुत्रं सोबतीला. मी मागे कपडे वाळत घालायला गेले की तिचं डोकं कुंपणावरून वर यायचं. "मॉर्निंग, लव्ह!" मी मान हलवायची आणि मनात म्हणायची, हिला आमच्या घरात काय एवढं बघायचं असतं? फोडणीचा वास येतो म्हणून तक्रार करणार असेल. मला इंग्रजी येत नाही असं घरात सगळे समजून चालतात, आणि मी ती समजूत तशीच राहू दिली आहे. न कळणाऱ्या माणसासमोर लोक खरं बोलतात.

मग 'सर' आले. सर म्हणजे आपल्याकडचाच एक माणूस, चाळिशीचा, अंगाला चिकटलेला काळा टीशर्ट आणि गुडघ्यापर्यंत खिसेच खिसे असलेली विजार. रविवारी दुपारी भाड्याच्या हॉलमध्ये क्लास घ्यायचा, 'आपलं घर, आपली तयारी'. सगळी तरणी जोडपी, कुणी पुण्याचं, कुणी पंजाबचं, कुणी हैदराबादचं. मी म्हटलं, मलाही ने. मुलगा म्हणाला, "आई, तू तिथे काय करणार?" म्हटलं, बँकेच्या गार्डची लेक आहे मी, तुम्ही काय करताय ते तरी बघते. सून हळूच म्हणाली, "घेऊन जा रे. निदान एक माणूस तरी तिथे डोकं ठिकाणावर ठेवून बसेल."

सगळंच वाईट होतं असं नाही. किल्ल्या ओट्यावर ठेवू नका, घरात एक खोली ठरवून ठेवा, पोरांना सांगून ठेवा, आधी फोन करा, हे शहाणपणाचंच. पण मग सरांनी निळ्या प्लास्टिकचं पिस्तूल काढलं आणि माझे डोळे बारीक झाले. त्यांचं बोट चापावरून हलेना, नव्या नवरीचा हात मंगळसूत्रावरून हलत नाही तसं. बोलता बोलता ते पिस्तूल या खुर्चीवरून त्या खुर्चीवर फिरत होतं. एका बाईच्या पोटावरून गेलं, तिच्या मांडीवर लेकरू होतं. मी हात वर केला.

"सर, तुम्ही फौजेत होता ना?"

"जी आंटी. स्पेशल."

"कुठल्या पलटणीत?"

"आंटी, वो बता नहीं सकते," असं म्हणून हसले. सगळे हसले.

"बरं. मग हे हातात घेताना उघडून कुणाला दाखवलंत नाही ते?"

"आंटीजी, प्लास्टिक है!"

परत सगळे हसले. माझा मुलगासुद्धा. तेव्हाच माझ्या मनाने घेतलं, आबा, की या माणसाने खरी बंदूक कधी साफसुद्धा केलेली नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. आणि शेवटी त्याने जे सांगितलं ते तर ऐकाच. म्हणाला, या देशात स्वतःच्या रक्षणासाठी म्हणून बंदूक मिळत नाही, तसं लिहिलं तर अर्ज तिथेच फेकतात. तेव्हा कारणाच्या रकान्यात नेमबाजीचा खेळ लिहा, क्लबात नाव घाला, ठरलेल्या हजेऱ्या लावा. "दिल में जो है, वो दिल में रखो." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या लेकाने तर वहीत लिहून घेतलं.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, "म्हणजे खोटं लिहायचं?"

"खोटं काय त्यात? मी क्लबला जाणारच आहे की."

"आणि बंदूक कुलपात ठेवणार, गोळ्या दुसऱ्या कुलपात."

"हो."

"मग चोर आला की त्याला काय सांगणार, थांब, दोन कुलपं उघडून येतो?"

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना, मागच्याने हॉर्न मारला. त्या थांबलेल्या गाडीतच मला कळलं, की कपाट दाखवायला आहे. ज्या दिवशी बंदूक घरात येईल त्या दिवसापासून ती त्याच्या उशाशी झोपणार, भरलेली. खरं सांगायचं तर त्याने क्लबचा खरा कोर्सही नीट केला, आणि मग अर्ज भरला. तिथला म्हातारा शिकवणारा खमक्या होता म्हणे. नळी नुसती आडवी फिरवली म्हणून एकाला त्याने त्याच क्षणी घरी पाठवलं. त्या माणसाशी तुमचं जमलं असतं. पण माझ्या लेकाच्या कानात आवाज राहिला तो सरांचाच. ते निळं पिस्तूलही सरावाला म्हणून तो घरी घेऊन आला.

ते घरी आलं त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. सून नातीला पोहायला घेऊन गेली होती. मी मागच्या अंगणात कढीपत्ता खुडायला गेले होते आणि येताना कांदे घ्यायचे म्हणून गॅरेजच्या दाराने आत आले. पायात मऊ चपला, आवाज नाही. बोळात तो पाठमोरा होता. सरांनी शिकवलं होतं तसं एकेक खोली 'मोकळी' करत चालला होता, भिंतीला पाठ, हात पुढे. मी दार लोटलं, आणि तो गर्रकन वळला. निळी नळी माझ्या छातीवर. आणि टक्.

त्याने चाप ओढला, आबा. आधी ओढला, मग मी दिसले. त्याचे डोळे मी बघितले ना! त्या डोळ्यांत आई नव्हती. तिथे कुणीतरी लाडू खात उभा होता.

"आई! हाक मारायची ना!"

"माझ्या घरात मी हाक मारून यायचं?"

"अगं प्लास्टिक आहे. सॉरी. सॉरी म्हणतोय ना!"

माझ्या मुठीतला कढीपत्ता चुरगळला होता, सगळ्या बोळात त्याचा वास. मी ओट्यापाशी गेले आणि आमटीला फोडणी दिली. तो मागून येऊन पाणी प्यायला, परत सॉरी म्हणाला आणि गॅरेजात गेला. रात्री सुनेला दोघांपैकी कुणीच काही सांगितलं नाही.

आणि मग मला तुम्ही आठवलात. मी दहाएक वर्षांची असेन. तुम्ही कामावरून आलात, बंदूक मोडलीत, मला दाखवलीत, उजेड, दोन्हीत. तुम्ही पाय धुवायला मोरीत गेलात आणि मी ती बंदूक बंद केली, पिठाच्या डब्यावर टेकवली आणि चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या आईवर रोखली. म्हटलं, ठो! आई हसली. तुम्ही मोरीच्या दारात उभे. मला वाटलं आता पाठ फुटणार. तुम्ही हात उगारलाच नाहीत. बंदूक घेतलीत, मोडलीत, खुंटीला लावलीत आणि आईला म्हणालात, "ऊठ. तू मेलीस." आई तुमच्याकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि पिठाच्या हातांनी उठून बाहेर गोठ्याजवळच्या दगडावर जाऊन बसते. "आता उरलेल्या भाकरी कोण करणार? जिनं मारली ती." दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आई मेलेली. पाणी मी भरलं, शेण मी काढलं, धाकट्याला मी भरवलं. तो आईआई करून रडायचा तर तुम्ही म्हणायचात, ताईला विचार आई कुठंय. माझ्या करपलेल्या भाकरी तुम्ही मुकाट्याने खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आईचा हात धरून आत आणलंत आणि मला म्हणालात, "चल, नळ्या बघ." आई पुढे जन्मभर सांगायची, आयुष्यात तेवढाच एक दिवस मी बसून खाल्लं. पण मी? मी त्यानंतर लेकराच्या हातातल्या पिचकारीला पण भ्यायची.

सोमवारी सून सकाळच्या शिफ्टला हॉस्पिटलात जाते आणि मुलगा घरून काम करतो. डबा, वेणी, शाळा, दुपारचं जेवण, सव्वातीनला नातीला आणणं, सगळं माझ्याकडे. सात वाजता मी आंघोळ करून शाल घेतली, मागच्या अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि त्याला सांगितलं, "काल तू मला मारलंस. आज मी नाही. तुझं तू बघ." आणि तोंड मिटून घेतलं. मेलेलं माणूस बोलत नसतं.

"आई, नाटकं नकोत हं," तो म्हणाला. थोड्या वेळाने दारातून, "आई, हिचा डबा कुठल्या कप्प्यात असतो?" मी कपड्यांच्या तारेकडे बघत राहिले. नात आली, अर्धी वेणी सुटलेली. "आजी, व्हाय आर यू नॉट टॉकिंग?" माझा जीव गोळा झाला, आबा, तुमचा झाला होता का त्या दिवशी, धाकटा रडत होता तेव्हा? तो तिला ओढतच शाळेत घेऊन गेला. अकराला परत बाहेर आला, कानात मीटिंगचं यंत्र, त्यावर हात ठेवून कुजबुजत, "आई, बास ना आता. थंडी आहे. आत ये." बाराला चहा आणून ठेवला, तो गार झाला. मी चहा नाही घेतला, मेलेल्याला कसला चहा. वारं सुटलं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाऱ्याचं. अडीचच्या सुमाराला त्याचा बांध फुटला. दारात उभा राहून ओरडला, "किती वेळ बसणार आहेस? मी मेलो तरी चालेल का तुला? चल आत! आत चल म्हणतोय ना!" आणि सरकतं दार धाडकन आपटून किल्ल्या घेऊन नातीला आणायला निघून गेला.

कुंपणावरून डोकं वर आलं. म्हातारीने सकाळपासून किती वेळा बघितलं असेल कोण जाणे. ती तिच्या फाटकातून वळसा घालून आमच्या बाजूच्या वाटेने आत आली, कुत्रं मागे, हातात चौकड्यांची जाड चादर. माझ्या गुडघ्यांवर पसरली. "यू राइट, लव्ह? ही लॉक यू आउट?" ती खाली वाकली, गुडघे कटकट वाजले तिचे, आणि माझा हात हातात घेतला. हात माझ्यासारखाच, सालपटं निघालेला, भांडी घासणाऱ्या बाईचा. मग हळू आवाजात, लहान मुलाला विचारावं तसं, तिने मला विचारलं, आर यू स्केअर्ड ऑफ युअर सन? मुलाची भीती वाटते का तुला?

त्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. ती गेली. मुलगा नातीला घेऊन आला, दहा मिनिटं झाली नाहीत तोवर मी उठले, आत आले. तो सुटला, "आलीस! थँक गॉड," म्हणत कॉफी करायला लागला. मी सरळ त्याच्या टेबलाच्या खणातून ते निळं पिस्तूल काढलं आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात तळाशी खुपसलं. तसलं खेळणंसुद्धा इथे घरात चालत नाही, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. कॉफी होतेय तोवर दारावर पोलीस. एक पुरुष, एक बाई. मुलाचा चेहरा असा झाला की जणू चोर तोच.

पोलीसबाई मला वेगळ्या खोलीत घेऊन बसली. फोनवर एक मराठी बोलणारी मुलगी, नागपूरकडची असावी, "काकू, त्या विचारताहेत तुम्हाला कुणी त्रास देतं का?" मी म्हटलं, माझा मुलगा सोन्यासारखा आहे. रुसून बसले होते मी, आमच्यात बसतात बायका. जेवायला देतो, औषध देतो, देवळात नेतो. ते सगळं खरंच आहे. बाहेर पुरुष पोलीस त्याला विचारत होता, घरात हत्यार आहे का? त्याने खरं सांगितलं: नाही, पण अर्ज केलाय. पोलिसाने मान हलवली आणि लिहून घेतलं. तेवढंच. जाताना 'नो वरीज' म्हणाले. सगळं हसूनखेळून.

पण महिन्याभराने लायसनच्या कचेरीतून पत्र आलं. चौकशी बाकी आहे, अजून कागद द्या, अर्ज थांबवला आहे. मुलगा ते पत्र हातात धरून ओट्याला टेकून उभा. सून म्हणाली, "जाऊ दे ना. मला तर बरंच वाटतंय." तो म्हणाला, "प्रश्न बंदुकीचा नाही गं. चादर टाकून गेलेल्या त्या शेजारणीने आपल्याला काय समजून फोन केला? आपण ब्राऊन म्हणून. तिने काहीतरी भरीव सांगितल्याशिवाय इतकं होत नाही." आणि शिडी लावून कुंपणावरचा कॅमेरा त्याने तिच्या अंगणाकडे वळवला. तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नाही. ती बिचारी अजून हात हलवते. तिच्या झाडाची लिंबं पिशवीत घालून आमच्या कुंपणाला अडकवते, तो ती कचऱ्यात टाकतो, आणि मी ती कचऱ्यातून काढून, धुऊन, लोणचं घालते. परवा ताटात तिसऱ्यांदा मागून घेतलं त्याने. "भारी झालंय आई. कुठली लिंबं?" म्हटलं, दुकानातली. तिच्यावर एवढा संशय घेतला मी वर्षभर, आणि सगळ्या गल्लीत सरळ मनाची तीच एक निघाली. तिचं नाव मात्र आता आमच्या घरात कुणी घेत नाही, ते माझ्यामुळे.

आबा, नातीच्या शाळेच्या वाचनाच्या पुस्तकांतून मी इंग्रजी शिकले. ती झोपली की मी ती पुस्तकं वाचायचे, बोट ठेवून ठेवून, पुड्यांचे कागद वाचायचे तशी. स्केअर्ड म्हणजे काय ते मला पहिल्याच पुस्तकात कळलं होतं, त्यात एक ससा होता. म्हातारीने विचारलं तेव्हा मला प्रश्न नीट कळला होता. आणि हेही कळलं होतं, की मी नाही म्हटलं तर ती चादर ठेवून घरी जाईल, आणि हो म्हटलं तर फोन उचलेल. फोन उचलला तर पोलीस येतील, आणि पोलिसांच्या कागदावर एकदा या घराचं नाव आलं की त्या अर्जाला खीळ बसेल. एवढा सगळा हिशेब मी तिचा हात हातात असताना केला. आणि म्हणाले, "येस."

सबंध दिवसात तेवढा एकच शब्द बोलले मी. पोटच्या पोराविरुद्ध, परक्या बाईपाशी. मला त्याची भीती वाटत नव्हती असं नाही. पण ती मला ज्या भीतीचं विचारत होती ती नव्हती, हे मला ठाऊक होतं, आणि मी तिला तशीच जाऊ दिली.

काल जेवताना त्याने विचारलं. ताटावरून मान वर न करता. "आई, त्या दिवशी ती तुझ्याशी काही बोलली होती का गं? तू काही म्हणालीस का तिला?" सुनेचा घास हातातच थांबला. ती माझ्याकडे बघत होती, मला वाटतं तिला कधीचं कळलंय. मी त्याच्या पानात भात वाढला, वर तूप सोडलं आणि म्हटलं, "मला कुठे येतं बाळा इंग्रजी?" त्याने मान हलवली आणि जेवायला लागला. त्याने परत विचारलं तर, आबा, मी परत हेच सांगणार आहे.